बँकॉकला आई-बाबांसोबत सहा रात्री: मधल्या दरातलं हॉटेल काय पाहून घ्यावं?

केतकी_ठाणे
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत सहा रात्री बँकॉकला जातोय. आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. बाबा ७१, आई ६८. आईचे गुडघे कुरकुरतात, फार चाललं की पावलं सुजतात. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. खोलीमागे रात्रीचे पाच ते सात हजार रुपये असा अंदाज धरलाय, खोल्या दोन.

नवऱ्याचं म्हणणं असं की हॉटेलात आपण फक्त झोपायला जातो, सकाळी आठला बाहेर पडलो की रात्रीच परत, मग स्वच्छ आणि स्वस्त एवढं पुरे. मला ते पटत नाहीये, पण मग नेमकं काय पाहायचं ते मलाही सांगता येत नाही. प्रातुनाम, सुखुमवित, सिलोम, नदीकाठ ही नावं वाचून वाचून डोकं भणाणलंय. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया अनुभव लिहा.

पायवाट
प्रातुनाम, डोळे झाकून. दर कमी, कपड्यांचा घाऊक बाजार दारात, चार पावलांवर भारतीय जेवण, तेही गुजराती थाळीसकट. आम्ही दोनदा तिथेच राहिलो. विमानतळावरून रेल्वेने राचाप्रारोप स्टेशनला उतरलात की जवळच.

अबोली
पायवाट, तरुण मंडळींसाठी ठीक. आम्ही सासूबाईंना घेऊन तिथेच होतो. प्रातुनामच्या ऐन दारात स्कायट्रेन नाही. चित लोम किंवा राचाथेवी स्टेशन गाठायचं तर गर्दीतून चालत जायचं, फूटपाथवर गाड्या आणि टपऱ्या. टॅक्सी केली तर संध्याकाळी चौकातच अडकून पडते. जवळच्या कालव्यातून बोट जाते ती स्वस्त आणि वेगवान आहे, पण धक्क्यावर ती क्षणभरच थांबते आणि हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. सासूबाई पहिल्याच दिवशी 'मी नाही बाई' म्हणाल्या.

बँकॉककर
मूळचा कोल्हापूरचा, गेली नऊ वर्षं इथे नोकरीला. सविस्तर लिहितो, कारण घरचे पाहुणे येतात तेव्हा दर वर्षी हाच प्रश्न सोडवतो.

इथे गल्लीला 'सोय' म्हणतात. तेव्हा हॉटेल सोयीत असतं, पण सोयीचं असेलच असं नाही. सुखुमवित रस्त्यावर एका बाजूला विषम क्रमांकाच्या सोया आणि समोर सम क्रमांकाच्या. दोन्हीकडचे आकडे जोडीने चालत नाहीत, ५५ नंबरच्या सोयीसमोर ३८ येते. एकेक सोय किलोमीटरभर आत जाते. जाहिरातीत 'सुखुमवित' एवढंच लिहिलेलं असतं आणि हॉटेल निघतं सोयीच्या पार टोकाला. नकाशावर स्टेशनपासूनचं चालायचं अंतर मोजा, तेही हॉटेलच्या दारापर्यंत. ज्येष्ठांसोबत ३०० मीटरच्या वर नको.

दुसरं, स्कायट्रेन डोक्यावरून जाते. म्हणजे प्रत्येक फेरीला चढ-उतार. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, पण प्रत्येक दरवाजाला नाहीत. हॉटेलकडच्या दरवाजाला लिफ्ट नसेल तर स्टेशन समोर असूनही आईंना रोज जिना. भुयारी मेट्रो या बाबतीत जास्त सोपी. म्हणून केतकीताई, मी तुम्हाला लुंफिनी मेट्रो स्टेशनचा परिसर सुचवेन. निळी लाईन आहे. तिथून गाडी न बदलता वात मंकोन म्हणजे चायनाटाऊन, साम योत म्हणजे फाहुरातची भारतीय वस्ती आणि गुरुद्वारा, आणि सनाम चाय म्हणजे निजलेल्या बुद्धाचं वात फो. उलट्या दिशेला सुखुमवित स्टेशन, तिथे स्कायट्रेन जोडलेली. शिवाय लुंफिनी उद्यान चालत. नाव बुद्धाच्या जन्मस्थानावरून, आपलं लुंबिनीच.

आणि सुखुमवितला घेतलंतच तर सोय ४ आणि असोकजवळची सोय काउबॉय टाळा. तिथलं रात्रीचं वातावरण आई-बाबा आणि मुलासोबत नको.

मालवणी_माणूस
माशांच्या बाबतीत माका थंय स्वर्गच गावलो. शाकाहाराचा इतरांका इचारा. :)

हिशेबनीस
पैशाचं आधी बघा. संकेतस्थळावर दिसणारा दर आणि हातात पडणारं बिल यात फरक असतो. थायलंडमध्ये दरापुढे अधिकची दोन चिन्हं असली तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. म्हणजे १००० बाटची खोली ११७७ ला पडते. सिंगापूरला हाच हिशेब १० आणि ९ टक्क्यांचा, म्हणजे १०० चे जवळपास १२०. मलेशियात परदेशी पाहुण्याला खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, तोही काउंटरवर. शेवटच्या पानावरचा 'सर्व करांसह' आकडा पाहूनच तुलना करा.

अनामत रक्कम रोख द्या. आम्ही एकदा क्रेडिट कार्डावर दिली. हॉटेलने 'सोडली' म्हणून कागद दिला आणि इकडे बँकेत ती अडकून राहिली ती तीन आठवडे. रोज फोन. रोख दिली की निघताना तिथेच हातात मिळते, फक्त पावती जपून ठेवा.

गंधाली
हिशेबनीस, ही माहिती फार उपयोगी, धन्यवाद.

माझा अनुभव पहाटेचा आहे. मुंबईहून जाणारी बरीच विमानं रात्री उशिरा सुटतात. प्रवास चार-साडेचार तासांचा आणि तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. म्हणजे तुम्ही उतरता पहाटे-सकाळी आणि खोली मिळते दुपारी दोनला. आम्ही सकाळी साडेसातला हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या मुलीने हसून बॅगा ठेवून घेतल्या आणि दोनला या म्हणाली. तिची काही चूक नव्हती, खोल्या खरंच भरलेल्या होत्या. पण आईकडे बघवेना. सोफ्याच्या कडेला बसलेली, रात्रभराची साडी चुरगळलेली, चप्पल काढून पाय फरशीवर टेकवलेले. घोट्याभोवती मोज्याचा वळ इतका खोल उठला होता की बोट बसेल. बाबा भिंतीला डोकं टेकून टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेले. साडेसहा तास! तेवढ्यात तिथली झाडलोट करणारी एक बाई आली, काही न बोलता कुठूनतरी लाकडी पाट आणला आणि आईच्या पायांखाली सरकवला. तो पाट मी विसरणार नाही, पण त्याची वेळ आणली कोणी? मीच, एका रात्रीचे पैसे वाचवायला.

तेव्हा ज्येष्ठ सोबत असतील तर आदल्या रात्रीपासून खोली घ्या, किंवा दिवसाचं विमान शोधा. आदली रात्र घेतलीत तर हॉटेलला मेल करून 'पहाटे येतोय' हे लेखी कळवा, नाहीतर आला नाहीत म्हणून खोली दुसऱ्याला देतात.

पायवाट
एका रात्रीचे जास्तीचे सात हजार, दोन खोल्यांचे चौदा. एवढ्यात आयुथयाची सहल होते. लाउंजमध्ये दोन तास काढून, नाश्ता करून आरामात गेलं तर?

गंधाली
आयुथया नंतर कधीही होईल, पायवाट. त्या सकाळनंतर आई दोन दिवस खोलीतून उठली नाही. म्हणजे वाचवलं काय?

चकलीताई
आंघोळीच्या जागेचं कोणीच कसं लिहिलं नाही? मधल्या दरातल्या जुन्या हॉटेलांत शॉवर टबाच्या वर असतो. आंघोळीला टबाची गुडघाभर उंच कड ओलांडायची, आत गुळगुळीत, धरायला फक्त प्लास्टिकचा पडदा. माझ्या काकू तिथेच घसरल्या. नशिबाने मनगटावर निभावलं. मेलमध्ये सरळ विचारा, टब आहे की जमिनीलगत शॉवर? फोटो मागा.

आणि काचेचं न्हाणीघर! पलंगावरून आतलं सगळं दिसेल अशी काचेची भिंत. नवविवाहितांना हौस असेल, पण आई-बाबा आणि नातू एका खोलीत म्हटल्यावर काय करायचं? पडदा आहे का तेही विचारून घ्या. आमच्या खोलीत नव्हता. पाचही दिवस एकाने आंघोळ करायची आणि बाकीच्यांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं, असं चाललं.

एक दिलासा, थायलंडमध्ये संडासात जेट स्प्रे जवळपास सगळीकडे असतो. हाँगकाँगला मात्र बाटली घेऊन फिरले.

टोकियोची_चिमणी
जपानी बिझनेस हॉटेलची खोली बघितलीत तर बँकॉकच्या खोल्या दिवाणखाना वाटतील. बारा चौरस मीटर! एक सुटकेस उघडली की दुसरी पलंगावर. पण स्वच्छता अशी की बोट फिरवून पाहा. आणि सुटकेस कुरिअरने पुढच्या शहरातल्या हॉटेलला पाठवता येते, आपण हात हलवत जायचं. विजेचं लक्षात ठेवा, जपानमध्ये १०० व्होल्ट, आपली प्रवासातली किटली तिथे नीट तापत नाही.

निळासावळा
हनोईच्या जुन्या भागात खिडकी नसलेल्या खोल्या मिळतात. इमारती अरुंद आणि लांबच लांब, मधल्या खोल्यांना उजेड कुठून येणार? दर कमी दिसला म्हणून घेतली आणि सकाळचे दहा वाजले तरी आम्हाला मध्यरात्रच वाटत होती. सिंगापूरच्या लिटल इंडियातही असंच. खोलीच्या वर्णनात खिडकीचा उल्लेख नसला तर ती नाही असंच धरून चाला.

अबोली
थायलंडवर परत येऊया का? केतकीचं तिकीट बँकॉकचं आहे. :)

सुगरणीचं_घरटं
शाकाहाराबद्दल. थायलंडमध्ये दोन शब्द पाठ करा. एक 'मांगसाविरात'. हे आपलंच 'मांस-विरती', बाबांना सांगा, त्यांना लगेच पाठ होईल. यात अंडं-दूध चालतं. दुसरा 'जे'. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की तिथे 'जे' जेवण. त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही! आमच्या शेजारच्या जैन काकू तिथे सहा दिवस तृप्त होत्या. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत याचा मोठा उत्सव असतो आणि तो बहुतेकदा आपल्या नवरात्रातच येतो. तेव्हा चायनाटाऊन पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं. सिलोमवरच्या मरिअम्मन देवळातही नवरात्र थाटात होतं.

हॉटेलच्या नाश्त्यात सावध राहा. पांढरी तांदळाची पेज दिसते मऊभातासारखी, पण त्यात बहुतेकदा डुकराचं मांस असतं. साध्या दिसणाऱ्या भाजीतही फिश सॉस. फळं, ब्रेड, साधा भात बिनधास्त. मी मेतकूट आणि तुपाची छोटी डबी नेते. गरम साधा भात, वर मेतकूट-तूप, बाबा खूश.

पायवाट
आम्ही छोटा राईस कुकर नेतो. खोलीत खिचडी लावली की प्रश्नच मिटला.

बँकॉककर
पायवाट, हे कळकळीने सांगतो, करू नका. खोलीतला धूरशोधक वाजला तर अख्खा मजला खाली उतरतो आणि दंड होतो तो वेगळाच. फोडणीचा वास पडद्यात आठवडाभर राहतो आणि मग 'भारतीय पाहुणे असेच' हे आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांना ऐकावं लागतं. किटलीत पाणी उकळून उपम्याच्या पाकिटात ओतणं वेगळं, त्याला कोणाची ना नाही. किटलीतच मॅगी शिजवणाऱ्यांनी पुढच्या पाहुण्याच्या चहाचा विचार करावा.

स्वयंपाक करायचाच असेल तर सर्व्हिस्ड अपार्टमेंट घ्या. लहान ओटा, फ्रीज, बऱ्याच ठिकाणी कपडे धुण्याचं यंत्र, आणि दर मधल्या हॉटेलाइतकाच. फक्त त्याला हॉटेलचा परवाना आहे ना ते पाहा. कोणाच्यातरी मालकीचा फ्लॅट चार दिवसांसाठी घेऊ नका. २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार परवान्याशिवाय महिन्याहून कमी मुदतीने असं भाड्याने देता येत नाही. पुष्कळ इमारतींच्या दारावर तशी पाटीच असते आणि रखवालदार आत सोडत नाहीत.

आणखी एक, १ मे २०२५ पासून थायलंडला येण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. त्यात हॉटेलचा पत्ता लागतो, तो जवळ ठेवा.

पायवाट
पटलं. कुकर या वेळी घरीच.

सातारकर_आप्पा
केतकीताई, मी ७४ वर्षांचा आहे. मुलगा-सुनेबरोबर सिंगापूर, क्वालालंपूर आणि बँकॉक पाहिलं. वरचं सगळं वाचलं. लिफ्ट, शॉवर, स्टेशन, सगळं बरोबर आहे. पण तुमच्या यजमानांच्या एका वाक्यावर बोलायचं आहे, 'हॉटेलात फक्त झोपायला जातो'.

तुम्ही जाता. आम्ही नाही. सकाळी दोन-तीन तास फिरलो की उन्हाने आम्ही दमतो. मुलं म्हणतात, तुम्ही खोलीवर आराम करा, आम्ही बाजार करून येतो. बारा ते पाच आम्ही खोलीत. सहा दिवसांच्या सहलीत आमचे तीन दिवस त्या चार भिंतींत जातात. क्वालालंपूरला आमच्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, हातभर अंतरावर. टीव्हीवर कळेल असं काही लागत नव्हतं. सौ. आणि मी पत्ते खेळलो, मग झोपलो, मग पुन्हा पत्ते. बँकॉकला नशिबाने नदीकाठी होतो. तिथे दुपारभर खुर्ची खिडकीशी ओढून बसलो. वाळू भरलेल्या चार-चार बार्जांची माळ आणि तिला ओढणारी एवढीशी बोट. एका बार्जवर एक कुटुंबच राहत होतं, दोरीवर कपडे, कुत्रा, झाडांच्या कुंड्या. सौ. म्हणाली, यांचं घरच चाललंय. परत येऊन तिने लोकांना राजवाडा कमी आणि ती बार्ज जास्त सांगितली.

तेव्हा आई-बाबांना खिडकी बघून द्या. तुमची खोली मागच्या बाजूची असली तरी चालेल.

गंधाली
आप्पा, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार.

अबोली
+१. आणि आप्पांच्या त्या बारा ते पाचसाठी एक सूचना: दर खोलीला दोन कार्डं मागून घ्या. वीज त्या कार्डावरच चालते. माझा नवरा सासूबाईंच्या खोलीचं कार्ड घेऊन खाली पाणी आणायला गेला, तिथे कोणी भेटलं, अर्धा तास गेला. वर सासूबाई अंधारात, एसी बंद, मोबाईलही चार्जिंगला लावता येईना. घाबरून रडकुंडीला आल्या होत्या. आता खोलीत शिरल्यावर पहिलं काम, दुसरं कार्ड त्यांच्या पर्समध्ये.

हिशेबनीस
फोनचा विषय निघालाच आहे तर, थायलंडमध्ये आपली दोन पिनांची साधी पिन चालते, तीन पिनांची नाही. ॲडाप्टर एक पुरे. आणि ड्युरियन खोलीत नेऊ नका, दंड असतो. मँगोस्टीनचे डाग चादरीवरून जात नाहीत, तेही बाहेरच खा.

केतकी_ठाणे
मंडळी, इतकं भरभरून लिहिलंत, काय बोलू? आप्पांचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच लॅपटॉप घेऊन लुंफिनीजवळची हॉटेलं बघायला लागला. आल्यावर लिहीनच.

(पाच आठवड्यांनी)

केतकी_ठाणे
परत आलो. जमेल तेवढं लिहिते.

लुंफिनी मेट्रोपासून २०० मीटरवर सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेतलं, परवाना असलेलं. सगळे कर धरून खोलीला रात्रीचे २४०० बाट. आदल्या रात्रीपासून घेतलं, गंधाली, आणि त्या पहाटे आई सरळ पलंगावर आडवी झाली तेव्हा तुझ्या आईची फार आठवण आली. चकलीताईंच्या सांगण्यावरून शॉवरचा फोटो मागवला होता. पहिल्या दोन हॉटेलांना त्यावरूनच नकार दिला. या तिसऱ्यांनी फोटोसोबत न्हाणीघरातली धरायची दांडीही दाखवली.

खोली अकराव्या मजल्यावर, उद्यानाचा एक कोपरा दिसेल अशी. तीन वेळा मेल करून मागितली होती. बाबा पहाटे साडेपाचला उठून खाली उद्यानात. दुसऱ्याच दिवशी धावत आले, तळ्याकाठी घोरपड! पाच फुटी, माणसांच्या बाजूने निवांत चाललेली. मुलगा त्या दिवसापासून अलार्म न लावता उठायला लागला. सकाळी आठला तिथे राष्ट्रगीत लागतं आणि धावणारे, व्यायाम करणारे सगळे जागच्या जागी उभे राहतात. बाबाही रोज सावधानमध्ये उभे राहिले.

चित लोमजवळ एरावानचं ब्रह्मदेवाचं स्थान पाहिलं. १९५६ साली तिथे हॉटेल बांधताना अपघातांवर अपघात झाले म्हणून ते उभारलं, हे वाचून आई म्हणाली, बघ, हॉटेल निवडताना देवसुद्धा लागतो. झेंडूच्या माळा बघून तर ती घरीच आल्यासारखी वावरली.

तक्रार एकच. दुपारी लिफ्ट एकच चालू असायची, बरीच वाट पाहावी लागायची. आणि पाऊस अवेळी दोनदा आला तेव्हा सोयीत घोटाभर पाणी होतं, ते २०० मीटरही आईला जड गेले.

सातारकर_आप्पा
वाचून फार आनंद झाला. खिडकी उघडत होती का?

केतकी_ठाणे
चार बोटं, आप्पा. त्याच्यावर अडकवलेलीच होती. खाली कोपऱ्यावर एक बाई हातगाडीवर केळी भाजायची. तीन वाजता गाडी लागली की आई बाबांना हलवून उठवायची, आणि दोघं त्या फटीशी खुर्च्या लावून बसायचे. चौथ्या दिवसापासून मी बाहेरून फोन केला की आईचं पहिलं वाक्य असायचं, 'आज तिची सगळी खपली.'